अळणी कोहळं

बीबी गावातल्या गोजरबाईंच्या घरी गेल्या दिवाळीत कोहळ्यावर पहिला घाव कुत्रा घालत होता. कुत्र्याच्या पंजात विळा बसत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. विळा त्या स्वतःच धरायच्या, कुत्र्याचा उजवा पंजा मुठीवर टेकवायच्या आणि मग हाणायच्या. कोहळं फुटलं की हळूच म्हणायच्या, "झालं तुमचं." कुत्रा पंजा चाटत ओट्यावर जाऊन बसायचा.

आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. अख्खं कोहळं बाईनं कापायचं नाही, हा इथला दंडक. कोहळं म्हणजे जीव; काहींच्या मते घरातला थोरला मुलगाच. म्हणून पहिला घाव पुरुषानं घालायचा. त्यानंतरचं सोलणं, चिरणं, शिजवणं, वाढणं आणि भांडी घासणं बाईनं केलं तर शास्त्राची काही हरकत नसते.

गोजरबाईंच्या घरात तेव्हा पुरुष नव्हता. नवरा पुंजाजी पोळ्याच्या आधल्या आठवड्यात गेले होते आणि मुलगा भागवत पुण्यात कंपनीत होता. शेजारी मी होतो, पलीकडे कारभारी नावाचा गडी होता. आम्हा दोघांपैकी कुणालाही हाक मारता आली असती. त्यांनी मारली नाही. पुरुष घरात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत आहे. मी तीस वर्षं चिखलीच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं; पुस्तक धरणारा माणूस दुसरं काय असणार. त्या भिंतीतून मला पलीकडचा संसार चाळीस वर्षं ऐकू येत होता आणि खरं सांगायचं तर त्यात ऐकण्यासारखं फारसं नव्हतं. गोजरबाई मोताळ्याकडून लग्न होऊन आल्या. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजारच्या दिवशी पाल टाकून विकायचा, हा त्यांचा जन्म. बोलणं कमी. नाव होतं ते त्यांच्या फोडणीचं. दुपारी त्यांनी कढईत लसूण टाकला की गल्लीतली माणसं आपापल्या ताटाकडे नाराजीनं बघायची. पुंजाजींनी मात्र चाळीस वर्षांत त्या स्वयंपाकाबद्दल तीनच शब्द काढले. पहिला घास खाल्ला की म्हणायचे, "मीठ बराबर हाय." रोज. कौतुक म्हणा, प्रेम म्हणा, जे काय होतं ते या तीन शब्दांत उरकलेलं असायचं.

कुत्रा त्यांचाच. बाजारातून वांग्यांच्या रिकाम्या टोपलीत घालून आणलेलं पिल्लू. चोर गेल्यावर भुंकायची सवय म्हणून नाव पडलं हवालदार. पुंजाजी ओट्यावर बाज टाकून बसत आणि हवालदार बाजेखाली. चार वाजता चहा यायचा. पुंजाजी बशीत ओतून प्यायचे आणि तळाचा घोट खाली धरायचे.

घोळ झाला तो दहाव्याला. पाझर तलावाच्या काठावर भागवतनं पिंड ठेवले आणि आम्ही मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते. बाभळीवर तीन बसले होते आणि आम्हाला बघत होते. अर्धा तास गेला. अशा वेळी मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला ते ओळखायचं असतं आणि मोठ्यानं कबूल करायचं असतं. भागवतनं आईला पुण्याला नेण्याचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. त्यांचा विश्वास बसला नसावा. मग शेताचं झालं, विहिरीवरच्या मोटरचं झालं. कारभारीनं बांधावरून झालेलं जुनं भांडण आपल्याकडून मिटल्याचं जाहीर केलं. दीड तास झाला तेव्हा विधी सांगणाऱ्या महाराजांनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला.

तेव्हा मागं बायकांत बसलेल्या गोजरबाई उठल्या आणि म्हणाल्या, "हवालदारले मी अंतर देणार नाही."

हवालदार गावातून आमच्या मागोमाग आला होता आणि झुडपाच्या सावलीत पडला होता. नाव ऐकून तो उठला. कुत्रं नाव ऐकून उठतं. तो सरळ पिंडापाशी गेला आणि अळणी भाताचा तो गोळा दोन घासांत संपवला.

महाराज म्हणाले, चालतं, श्वानमुखी गेलं. ते दर्भ पिशवीत घालून मोकळे झाले. बाभळीवरचे कावळे उडून गेले. त्या दिवसापासून गोजरबाईंनी कुत्र्याला नावानं हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं.

आधी मला वाटलं, दुःख आहे, निवळेल. पण गोजरबाई कुत्र्याला "अहो, सरका" म्हणायला लागल्या. पुंजाजींची ताटली त्याच्यापुढं आली. भिंतीतून आवाज यायचा तो एकटीचाच, पण मधेमधे थांबलेला, दुसऱ्याला बोलायला जागा सोडून. आणि त्या थांबण्यानंतर जे बोलायच्या ते उत्तरच असायचं. "नाही, भागवतचा फोन नाही आला." थोडा वेळ गप्प. "हाव, करते उद्या." मी पलीकडे पुस्तक उघडं ठेवून बसलेला असायचो आणि पान उलटत नसायचो.

गावानं पुरावे गोळा केले. कुत्रा पुंजाजींसारखा खोकतो. कारभारी दिसला की तोंड फिरवतो. निजण्याआधी तीनदा गोल फिरतो, पुंजाजी बाज तीनदा सरकवायचे तसा. या सगळ्या सवयी कुत्र्याला आधीपासूनच होत्या, पण तेव्हा त्या कुणी मोजल्या नव्हत्या. मी कारभारीला तसं म्हणालो. तो म्हणाला, "मास्तर, तुमी पुस्तकावाले. माह्याकडं पाहून तोंड फिरवते ना तो, मले समजते कोण हाय ते."

गोठ्याच्या टिनांवर पुंजाजींनी मिरगात कोहळ्याचा वेल चढवला होता. लावणारा गेला आणि वेल फळाला आला. दिवाळीपर्यंत टिनांवर अकरा कोहळी पिकून पडली होती, शेंदरी, घडीव, आणि खालून बघितलं तर कुणी तरी ओळीनं बसल्यासारखी. पुंजाजींना कोहळं फार आवडायचं. तेव्हा भाजी व्हायला लागली: भरपूर कांदा, लसूण, तिखट, शेवटी गुळाचा खडा. शेतातला कांदा होताच, हात आखडायचं कारण नव्हतं. कधी गूळ घालून बोंडं तळली जायची. प्रत्येक नव्या कोहळ्याला पंजा विळ्याला लागायचा, रोज ताटली भरायची. कुत्रा खायचा आणि गोजरबाई समोर बसून थांबायच्या. कशासाठी थांबतात ते मला पहिल्या दिवशीच कळलं. त्या तीन शब्दांसाठी.

सातव्या कोहळ्याला हवालदार ओट्यावर चढेना. दुसऱ्या दिवशी उठेना. दोन दिवस पोट अडलेलं, आणि लघवी काळ्या चहासारखी.

आठवड्यातून दोनदा गावात गुरांची डॉक्टर येते, पूनम नावाची, तिशीतली मुलगी. मी आणि कारभारीनं त्याला पोत्यात घालून नेलं. कारभारीनं डोक्याकडची बाजू धरायला नकार दिला. पूनमनं कुत्र्याचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. तिनं कागद पुढं ओढला आणि जनावराचं नाव विचारलं. गोजरबाई खाली बघत राहिल्या. पूनम पेन धरून थांबली. शेवटी मी सांगितलं, हवालदार. गोजरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर बाजारात त्यांच्या नवऱ्याला एकेरी हाक मारली होती.

काय खातो हे ऐकल्यावर पूनमनं सुई बाजूला ठेवली. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला खातात, कच्चा असो की शिजवलेला. हा महिनाभर रोज विष खातोय, असं तिनं सांगितलं. ते सांगताना आवाज चढवला नाही, हे तिचं मोठेपण. गोजरबाईंनी विचारलं, मग कोहळं बंद करायचं का. त्यावर ती म्हणाली की कोहळ्याचा काही गुन्हा नाही, गुन्हा त्याच्या संगतीचा आहे. उलट कोहळंच द्या, पोट जागेवर येईल. साल काढायची, बिया आणि आतला रेशा काढायचा. नुसत्या पाण्यात मऊ होईस्तोवर उकडायचं. आधी स्वतः चिमूटभर चाखायचं, कडू लागलं तर आख्खं कोहळं फेकून द्यायचं, कडू कोहळं माणसालाही बाधतं. मग कुस्करून, गार करून, एवढ्या कुत्र्याला दोनच चमचे, मऊ भातात कालवून, दिवसातून दोन वेळा. जास्त दिलं तर ढाळ लागेल. चहा बंद. रक्तासाठी ती इंजेक्शनं देणार होती. कोहळ्यानं रक्त वाढत नाही, हेही तिनं स्पष्ट केलं. ताकदीसाठी उकडलेलं अंडं सुचवलं. पुंजाजी माळकरी होते. ते अंडं तिथल्या तिथं हवेत विरलं.

"आणि काकू, मीठ, गूळ, तेल, काहीच नाही. एकदम अळणी."

गोजरबाईंचा चेहरा तेव्हा उतरला. कांद्याला उतरला नव्हता.

घरी आल्यावर त्या ओट्यावर पोत्याशेजारी बसल्या. मी पाणी आणून दिलं. ते पिऊन म्हणाल्या, "मास्तर, अळणी मी त्यायले एकदाच वाढलं. दहाव्याले. अळणी मेलेल्याले वाढतात."

मी पोत्याची कड सरळ केली.

कांदा त्यांनी सोडला, मला वाटतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून लसणाचा वास आला. थोडाच होता, चोरून केल्यासारखा. मी उठून गेलो. ताटलीत कोहळं होतं, वर तेलाचे दोन डोळे. हवालदारनं तोंड लावलं नव्हतं. तो डोळे उघडे ठेवून पूर्वी बाज असायची तिथं पडला होता. गोजरबाई त्याच्या कानाशी बोलत होत्या, थांबत होत्या, परत बोलत होत्या. मी त्यांना लसणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, एकच पाकळी. एका पाकळीनं काय होतं. फोडणीबिगर हे जेवतात का कधी.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी पूनम येताना गाडी गल्लीत वळवून स्वतःच आली. हिरड्या बघितल्या, ताटली उचलून वास घेतला, खाली ठेवली. तोवर कुणी तरी तिला सगळं सांगितलेलं असणार. गावात असल्या गोष्टी औषधाच्या आधी पोचतात. तिनं भूताखेतांवर व्याख्यान दिलं नाही. सलाईनची सुई लावली, बाटली खांबाच्या खिळ्याला अडकवली आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

"काकू, याच्या अंगात कोण आहे ते मला तपासता येत नाही. रक्त तपासता येतं. ते संपत आलंय. अजून एक पाकळी पोटात गेली तर जे कुणी असेल ते जाईल."

गोजरबाईंनी मान हलवली. त्यांची अडचण मला तेव्हा पुरती कळली. फोडणी दिली तर पुंजाजी दुसऱ्यांदा मरणार होते. अळणी दिलं तर ते पहिल्यांदाच मेले होते, हे कबूल करावं लागणार होतं.

पूनम गेली. बाटली संपेपर्यंत गोजरबाई थेंबांकडे बघत बसल्या. मग शिडी लावून गोठ्याच्या टिनांवर चढल्या. तीन कोहळी उरली होती. त्यांतलं एक देठासकट तोडून कमरेवर घेऊन उतरल्या. विळा घेतला. कुत्र्याजवळ बसल्या, त्याचा उजवा पंजा हातात घेतला. मी माझ्या दारातून बघत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यांनी पंजा कुरवाळला आणि परत जमिनीवर ठेवला, मोडकं काही तरी ठेवावं तसा.

मग कोहळं कमरेवर घेऊन त्या माझ्या दारात आल्या.

"मास्तर, घाव घाला."

चाळीस वर्षांत मी त्या घरच्या कशावर घाव घातला नव्हता. पहिला फटका निसटला. विळा सालीवरून घसरून फरशीवर आदळला आणि त्या नुसत्या म्हणाल्या, "ते एका फटक्यात करत." करत. हा भूतकाळ मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या फटक्याला कोहळं उघडलं आणि आतला तो ओला, थंड, तळघरासारखा वास आला. त्यांनी एक चकती कापून जिभेवर ठेवली, चघळली, मान हलवली. कडू नव्हतं.

पुढचं मी त्यांच्या चुलीजवळ बसून बघितलं, कारण त्यांनी जा म्हटलं नाही. फोडणीची कढई न घेता त्यांनी पातेलं घेतलं, आणि तेही राखेनं दोनदा घासलं. साल काढली, बिया बोटांनी ओरबाडून काढल्या. पाणी उकळायला लागलं तसा त्यांचा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. बरणीवर थांबला. तो हात मांडीखाली घालून त्या त्यावर बसल्या, आणि कोहळं शिजेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

ताटली घेतली नाही. पळसाच्या पानावर भात, त्यात कुस्करलेलं कोहळं, दोन चमचे. बोट बुडवून गार झाल्याची खात्री केली. पान हवालदारच्या तोंडापाशी ठेवलं आणि उठून, पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पिंड ठेवल्यावर मागं सरतात तशा.

"खाय, हवालदार," त्या भिंतीला म्हणाल्या.

कुत्र्याचे कान हलले. तीन महिन्यांनी ते नाव त्या आवाजात आलं होतं. त्यानं मान उचलली, पानाचा वास घेतला, जीभ लावली, थांबला. मग परत लावली.

"खाल्लं का?"

"हाव," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मी माझ्या घरी आलो. त्या संध्याकाळी भिंतीतून काही ऐकू आलं नाही. थांबून थांबून बोलणंही नाही. वाचनालयात मी इतकी वर्षं शांतता शांतता म्हणत होतो; ती आली तेव्हा मला पुस्तक उघडता आलं नाही.

हवालदार वाचला. दोन चमचे, दोन वेळा. इंजेक्शनं पूनमनं वेळेवर दिली. पाचव्या दिवशी पोट मोकळं झालं, लघवी पिवळी झाली. आठव्या दिवशी उकिरड्यावर अंड्याची टरफलं दिसली आणि मी समजलो की तो माळकरी उरला नाही. बाराव्या दिवशी तो आपल्या पायांनी ओट्यावर चढला. पूनमनं हिरड्या बघून गुलाबी म्हटलं. उरलेली कोहळी आता कारभारी फोडून देतो. दोन घाव जास्त घालतो आणि पाणी पिऊन जातो. भागवतचा फोन आला तेव्हा गोजरबाईंनी त्याला कुत्र्याचं सांगितलं, अंड्यासकट. गावानं पुरावे गुंडाळून ठेवले. सगळं ठीक झालं, असं म्हणायला हरकत नव्हती.

मग एके दिवशी चार वाजता गोजरबाईंनी मला हाक मारली. हळूच, ओरडून नाही. मी गेलो. त्यांनी ओट्याकडे बोट केलं.

बाज पुंजाजी गेल्यावर काढून ठेवलेली होती. ओटा रिकामा होता. हवालदार बाजेच्या जागेसमोर बसून वर बघत होता. माणूस बसला तर त्याचं तोंड जिथं येईल, तिथं. शेपूट जमिनीवर हळूहळू आपटत होतं. मग तो उठला, दोन पावलं बाजूला सरकला, कुणाला तरी पाय सोडायला जागा द्यावी तसा, आणि खाली अंग टाकलं.

गोजरबाई म्हणाल्या, हा रोज चारला असंच करून राह्यला, उठायला लागला त्या दिवसापासून. मी म्हणालो, सवय असते जनावराला. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा हवालदारच हाय ना, मास्तर? मग तो कोणाकडं पाहून राह्यला?"

तीन महिने निदान पुंजाजी कुठं आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

त्या आत गेल्या. चहाचा वास आला. कुत्र्याला चहा बंद आहे. त्यांनी डॉक्टरचा एकही शब्द मोडलेला नाही. बशी आणून त्यांनी बाजेच्या जागी ठेवली, पुंजाजी घ्यायचे तितकी साखर घालून. हवालदारनं बशीकडे बघितलं, परत वर बघितलं आणि हनुवटी पंजांवर ठेवली. तोंड लावलं नाही. बशी तेव्हापासून रोज चारला ठेवली जाते; तो आजही तोंड लावत नाही.

अंधार पडायच्या आत गोजरबाई बशी उचलायला येतात तेव्हा ती रिकामी असते. मुंग्या असतील, किंवा कारभारीची मांजर असेल. मी पहारा ठेवलेला नाही.